नाळ पडेपर्यंत बेंबीला काय लावावे?

तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी येतात. उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, पाळण्याला नवे दुपटे अंथरले जाते आणि थोड्याच वेळात बाळाच्या बेंबीवर चर्चा सुरू होते. आजी म्हणतात, "खोबरेल तेल सोडा दोन थेंब, लवकर सुकेल." शेजारच्या काकू सांगतात, "आमच्याकडे हळद दाबतात." न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंचा गोवरीच्या राखेवर भरवसा असतो. बाळाचा मामा औषधाच्या दुकानातून अँटिसेप्टिक पावडरचा डबा घेऊन येतो. प्रत्येकाच्या मनात माया असते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. बिचाऱ्या नव्या आईला मात्र कोणाचे ऐकावे ते कळत नाही. दुपटे बदलताना तो काळपट, वाळत चाललेला देठ पाहूनच तिचा जीव धास्तावतो.

या सगळ्या प्रश्नांचे उत्तर अगदी लहान आहे. दवाखान्यात जन्मलेल्या निरोगी बाळाच्या नाळेला काहीही लावू नये. ती स्वच्छ ठेवावी, कोरडी ठेवावी आणि आपोआप पडू द्यावी. पण "काही लावू नका" एवढे सांगून घरातल्यांचे समाधान होत नाही. काही न करणे म्हणजे हयगय करणे, असे आपल्याला वाटते. म्हणून त्यामागचे कारण नीट समजून घेऊ या.

नाळ गळते कशी?

आईच्या पोटात असताना बाळ नाळेवरच जगते. साधारण अर्धा मीटर लांबीच्या या दोरीत तीन रक्तवाहिन्या असतात. एक मोठी नीला वारेकडून प्राणवायू आणि अन्नरस घेऊन बाळाकडे येते. दोन धमन्या बाळाचे वापरलेले रक्त वारेकडे परत नेतात. या तिन्हींना दाब बसू नये म्हणून त्यांच्याभोवती मऊ, चिकट, खळीसारखा पदार्थ असतो.

बाळ जन्मले, रडले, श्वास घेऊ लागले की नाळेचे काम संपते. बाळाची प्रकृती चांगली असेल तर जन्मानंतर निदान एक मिनिट थांबून मग नाळ बांधावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात वारेतले आणखी थोडे रक्त बाळाला मिळते आणि पुढच्या महिन्यांत लोह कमी पडत नाही. मग चिमटा लावून नाळ कापतात आणि बाळाच्या पोटाशी दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा उरतो.

या तुकड्याला आता रक्त मिळत नाही. तो वाळतो, पिवळट, मग तपकिरी, मग काळा पडतो. त्याच वेळी जिवंत कातडी आणि वाळलेला तुकडा यांच्या सांध्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी जमतात आणि तो सांधा हळूहळू सैल करतात. झाडाचे पिकले पान देठातून सुटावे, तसा हा तुकडा साधारण ५ ते १५ दिवसांत सुटून पडतो. शस्त्रक्रियेने झालेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला थोडे जास्त दिवस लागू शकतात. सुटताना सांध्यावर किंचित ओलसरपणा दिसतो, कधी थोडा चिकट स्राव येतो, दुपट्याला रक्ताचा एखादा ठिपका लागतो. हे सगळे त्या कामाचाच भाग आहे. त्याला पू समजून घाबरू नये.

म्हणजे नाळ पाडण्याचे काम बाळाचे शरीर स्वतःच करत असते. तेलाने ते लवकर होत नाही. उलट तेलातुपाने तुकडा ओला राहतो आणि ओल्या, निर्जीव मांसावर जंतू लवकर वाढतात. स्पिरिट किंवा जंतुनाशक औषध वारंवार लावल्यास नाळ पडायला उशीर होतो, हेही अनेक पाहण्यांत आढळले आहे.

धोका कशाचा?

नाळ बाहेरून वाळलेली दिसली तरी आतल्या रक्तवाहिन्या पहिले काही दिवस पुरत्या बुजलेल्या नसतात. नाळेतली नीला पोटाच्या आत सरळ यकृताकडे जाते. ज्या वाटेने बाळाला अन्न मिळत होते, त्याच वाटेने जंतू यकृतापर्यंत आणि रक्तात जाऊ शकतात. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती अगदीच कमी असते. मोठ्या माणसाच्या जखमेत पू झाला तर तो बहुधा तिथेच राहतो. बाळाच्या बेंबीतला संसर्ग मात्र एक-दोन दिवसांत अंगभर पसरू शकतो.

दुसरा धोका धनुर्वाताचा. त्याचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. जिथे हवा पोचत नाही अशा मृत मांसात ते वाढतात आणि विष तयार करतात. नाळेच्या तुकड्यावर शेण, माती किंवा राख दाबून बसवली की त्यांना हवी तशी जागा मिळते. असे बाळ पहिले दोन दिवस चांगले दूध पिते. मग तिसऱ्या दिवसानंतर केव्हातरी, बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास, त्याचा जबडा आखडतो, ते दूध ओढेनासे होते, अंग ताठ होते आणि नुसत्या स्पर्शानेही झटके येतात. पंजाबात या आजाराला 'आठव्या दिवसाचा आजार' म्हणत. आपल्याकडेही पाचवी-सहावीची रात्र जिवावरची मानतात, सटवाईची पूजा मांडतात. धनुर्वाताची लक्षणे दिसू लागण्याचे दिवस साधारण हेच. जुन्या बायकांनी या दिवसांत बाळे जाताना पाहिली होती. त्यांची भीती खरी होती. कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १९८८ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळे धनुर्वाताने दगावली. गरोदरपणातली लस, दवाखान्यातली बाळंतपणे आणि नाळ कापतानाची स्वच्छता यांमुळे हा आकडा झपाट्याने उतरला. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण आढळतात. बीजाणू मातीतून नाहीसे झालेले नाहीत, होणारही नाहीत. म्हणून लस चुकवून चालत नाही. पूर्वीच्या 'टीटी'च्या जागी आता 'टीडी' लस देतात. गरोदरपणाची नोंदणी होताच पहिली मात्रा आणि चार आठवड्यांनी दुसरी. मागच्या तीन वर्षांतल्या गरोदरपणी दोन्ही घेतल्या असतील तर एक पुरते. आईच्या रक्तात तयार झालेले संरक्षण बाळापर्यंत पोचते ते नाळेच्याच वाटेने.

मग औषध कधी लावायचे?

"नेपाळात म्हणे नाळेला मलम लावतात, मग आपण का नाही?" असा प्रश्न जाणत्या वाचकांच्या मनात येईल. प्रश्न योग्य आहे. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात बहुतेक बाळंतपणे घरी होत असताना मोठी पाहणी झाली. ती २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. नाळेला ४ टक्के क्लोरहेक्झिडीन लावलेल्या बाळांमधले मृत्यू, नुसती कोरडी निगा ठेवलेल्या बाळांच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे नेपाळने हे औषध सरकारी कार्यक्रमात आणले. पण २०१६ मध्ये झांबिया आणि टांझानियातल्या पाहण्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा तिथे या औषधाने मृत्यूंत म्हणावा असा फरक पडलेला दिसला नाही.

या सगळ्याचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सल्ला दिला, की सर्वसाधारणपणे नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवावी. जिथे शेणासारखे घातक पदार्थ लावण्याची चाल आहे, तिथेच पहिला आठवडाभर रोज क्लोरहेक्झिडीन लावावे. म्हणजे तिथे हे औषध शेणाची जागा घेते. तुमच्या घरी बेंबीवर काहीच लावले जात नसेल, तर स्वतःच्या मनाने औषध आणू नका. डॉक्टरांनी ते दिलेच, तर बाटली डोळ्यांच्या थेंबांपासून दूर ठेवा. चुकून हे औषध डोळ्यात घातल्याने काही देशांत बाळांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या आहेत.

घरी एवढेच करा

* बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. लंगोट बदलल्यावर आणि बेंबीला हात लावण्याआधी तर नक्कीच.

* लंगोट बेंबीच्या खाली बांधा. वरची कड बाहेर दुमडा, म्हणजे शी-शूने नाळ भिजणार नाही आणि हवाही लागेल. बेंबीवर पट्टी, नाणे किंवा घट्ट पोटपट्टा बांधू नका.

* नाळेला शी-शू लागली तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापड बुडवून हलकेच पुसा. लागल्यास थोडा साबण चालेल. मग कोरड्या स्वच्छ कापडाने टिपून घ्या.

* जन्मल्यावर पहिले २४ तास अंघोळ नको. पुढे नाळ पडेपर्यंत कोमट पाण्याने अंग पुसून घेणे सोपे पडते. अंघोळ घातलीच तर पाण्याची धार बेंबीवर धरू नका आणि नंतर बेंबीची खळगी नीट टिपा.

* मालिश करायची असेल तर हातापायांना, पाठीला करा. नाळ पडून बेंबी कोरडी होईपर्यंत पोटाला तेल नको. बेंबीत तेल मुळीच सोडू नका.

* तुकडा लोंबकळू लागला तरी ओढू नका, पिळू नका, कात्रीने कापू नका. प्लॅस्टिकचा चिमटा त्याच्याबरोबरच पडतो.

* बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा आणि नुसते अंगावरचे दूध पाजा. आईच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू बाळाच्या कातडीवर आधी वस्ती करतात आणि पहिल्या दुधातून संरक्षक घटक मिळतात.

आजही सगळीच बाळे दवाखान्यात जन्मत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसली. म्हणजे शंभरातली अकरा बाळे घरी, वाड्यावस्तीवर किंवा वाटेतच जन्मली. अशी वेळ आलीच तर धुतलेले हात, खाली स्वच्छ कापड, पाकिटातले कोरे ब्लेड आणि उकळलेला दोरा एवढे सांभाळा. विळा, वस्तरा, वापरलेले ब्लेड नको. त्यानंतर आई आणि बाळ दोघांना त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

थांबू नये अशी लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, बाळाला डॉक्टरांकडे न्या.

* बेंबीच्या भोवतालची कातडी लाल, सुजलेली, गरम किंवा कडक लागणे. लाली पसरत जाणे.

* पू येणे, किंवा जवळ जाताच जाणवेल अशी घाण येणे. वाळत्या नाळेला किंचित वास असतो, पण तो नाक लावल्याशिवाय कळत नाही.

* बेंबीला हात लावताच बाळ कळवळून रडणे.

* रक्ताचा ठिपका नव्हे, तर पुसल्यावरही पुन्हा पुन्हा येणारे रक्त. जन्मल्यावर 'क' जीवनसत्त्वाचे नव्हे, तर व्हिटॅमिन 'के'चे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले होते का, हे दवाखान्याच्या कागदावर पाहून डॉक्टरांना सांगा. आईवडील रक्ताच्या नात्यातले असतील, तर तेही सांगा. रक्त गोठण्याचे काही दुर्मीळ आनुवंशिक दोष प्रथम बेंबीतून रक्त येऊनच लक्षात येतात.

* बाळ दूध ओढेनासे होणे, मलूल पडणे, अंग ताठ होणे, झटके येणे. अंग ९९.५ अंश फॅरनहाइटहून गरम किंवा पाय-पोट गार लागणे. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेणे.

मलूल बाळाच्या बाबतीत तापाची वाट पाहू नका. नवजात बाळाला संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही, पुष्कळदा अंग उलट गार पडते. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी वेगळे कक्षही आहेत.

नाळ पडल्यावर

तुकडा पडल्यावर बेंबी दोन-चार दिवस ओलसर राहते. एक-दोन आठवड्यांनंतरही ओल राहून आत वाटाण्याएवढा गुलाबी, चकचकीत गोळा दिसला तर तो बहुधा जखम भरताना वाढलेला कोंब असतो. तो दुखत नाही. डॉक्टर साध्या उपायाने तो घालवतात. मात्र बेंबीतून पाण्यासारखा किंवा शीसारखा स्राव येत राहिला, तर मूत्राशयाशी किंवा आतड्याशी असलेली जन्माआधीची वाट बुजायची राहिलेली असू शकते. त्यासाठी तपासणी हवी. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही तर तेही दाखवा.

काही बाळांची बेंबी रडताना फुगून वर येते. हा हर्निया बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजतो. त्यावर नाणे ठेवून पट्टी बांधल्याने तो लवकर बरा होत नाही, कातडी मात्र सोलवटते. फुगा कडक झाला, दुखू लागला, बाळ उलट्या करू लागले तर लगेच दवाखाना गाठा.

आईचा शब्द

हे सगळे वाचून एखादी मैत्रीण म्हणेल, "मला पटलं हो, पण घरात सांगायचं कसं?" खरी अडचण इथेच आहे. दिवसातून आठ-दहा वेळा लंगोट आई बदलते. बेंबीची लाली, बाळाच्या ओढण्यातला फरक प्रथम तिच्याच लक्षात येतो. पण त्या दिवसांत घरात सर्वांत कमी ऐकले जाते तेही तिचेच. "तुझं पहिलंच आहे, तुला काय कळतंय?" किंवा "पाचवी होऊ दे, मग दाखवू" असे म्हणून एक-दोन दिवस जातात. बेंबीतल्या संसर्गात तेवढे दिवस हाताशी नसतात.

म्हणून हे बोलणे बाळ जन्मल्यावर करायचे ठेवू नका. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला जाताना आईला किंवा सासूबाईंना बरोबर न्या आणि नाळेचा प्रश्न त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले घरी चालते. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी गोड शब्दांत सांगा, की पोट सोडून मालिश करा. आजींचा अनुभव मोलाचा आहे, त्यांना दारावरची राखण द्या. "आजी, हात धुतल्याशिवाय कोणाला बाळ घेऊ देऊ नका" असे सांगितले की त्या हे काम चोख करतात. पाचवीची पूजा जरूर करा. हळद-कुंकू पूजेत वाहा, बेंबीवर नको.

बाळाच्या बाबांनीही यात लक्ष घालावे. पत्नी म्हणाली, "मला बाळाचं काहीतरी वेगळं वाटतंय," तर वाद न घालता चपला घालाव्यात आणि बाळाला दाखवून यावे. काही निघाले नाही तर एक फेरी वाया गेली, एवढेच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची निगा आणि संसर्ग ओळखण्याचे शिक्षण दिले. त्या घरोघरी जाऊन बाळे तपासत, वेळेवर उपचार करत. या गावांतले नवजात मृत्यू इतर गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हीच कल्पना पुढे देशभर गेली आणि २०११ पासून आशाताई नवजात बाळाच्या घरी येऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे त्यांचे सहा दिवस ठरलेले असतात. त्या आल्या की बाळाची बेंबी मुद्दाम दाखवा आणि मनातली शंका विचारा.

बाळाची नाळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत पडते. तेवढे दिवस हात धुवा, बेंबी कोरडी ठेवा, रोज उजेडात एकदा नीट पाहा. आणि आई म्हणाली की काहीतरी बिघडले आहे, तर तिचे ऐका.